उदासीनतेची गोळी आणि नागिणीची आग

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मावशीला नागीण झाली. कमरेच्या डाव्या बाजूला पट्ट्यासारखे पुरळ उठले, फोड आले, तीन आठवड्यांत ते वाळून खपल्याही पडल्या. कातडी बरी झाली, पण आग काही गेली नाही. लुगड्याचा काठ नुसता घासला तरी मावशी कळवळे. रात्री पंख्याचा वारा लागला तरी चटका बसल्यासारखे होई. झोप उडाली आणि चेहरा उतरला.

डॉक्टरांनी तिला रात्री घेण्यासाठी एक छोटी गोळी लिहून दिली : अमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम. शेजारच्या मुलाने मोबाइलवर ते नाव शोधले आणि मोठ्याने वाचून दाखवले, ‘नैराश्यावरील औषध.’ झाले! मावशीचा मला फोन आला.

“अरे, डॉक्टरांना काय वाटतंय, मला वेड लागलंय? दुखतेय कंबर, आणि गोळी दिली डोक्याची!”

मी भौतिकशास्त्र शिकवतो, वैद्यक नव्हे. पण घरात शिकलेला माणूस म्हणून माझा शब्द चालतो. गोळ्यांची पट्टी पाहून मी म्हणालो, “काही तरी चूक झालेली दिसते. विचारल्याशिवाय घेऊ नकोस.” आणि पुढे कोणीच कोणाला विचारले नाही. सहा आठवडे मावशी रात्री जागून काढत होती.

विद्यार्थी मित्रहो, चूक डॉक्टरांची नव्हती. चूक माझी होती. औषधाच्या नावावरून त्याचे काम ओळखण्याची घाई मी केली. उदासीनतेवरची गोळी कमरेची आग कशी शमवते आणि झोप कशी आणते, हे नंतर मी नीट समजावून घेतले. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

पुरळ गेले, आग का राहिली?

नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा खेळ आहे. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण विषाणू शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्यालगत चेतापेशींच्या लहान लहान गाठी असतात, त्यांत तो वर्षानुवर्षे झोपून राहतो. वय झाले किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली, की तो जागा होतो आणि त्या गाठीतून निघणाऱ्या चेतातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो.

म्हणूनच नागीण पट्ट्यासारखी उठते. ‘नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो’ अशी समजूत तुम्ही ऐकली असेल. पण एका बाजूचा चेतातंतू शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो, त्यामुळे नागीण सहसा अर्ध्या अंगावरच थांबते. भिण्याची गोष्ट ती नाही. खरी पीडा वेगळीच आहे. विषाणूने तो चेतातंतूच जखमी केलेला असतो.

घराच्या विजेच्या तारेवरचे वेष्टन उंदराने कुरतडले तर काय होते? दिवा लावलेला नसतानाही ठिणग्या उडतात. जखमी चेतातंतूचेही तसेच होते. कातडीवर काही घडत नसताना तो ‘भाजले, भाजले’ असे संदेश पाठवत राहतो. पाय मुरगळल्यावर दुखते, ते सूज उतरली की थांबते. इथे मात्र धोक्याची घंटाच बिघडलेली असते. मधुमेहात काही जणांच्या तळपायांची आग होते, तीही याच जातीची. सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या अशा दुखण्यापुढे बहुधा हात टेकतात, कारण इथे सूज हे मूळ नसतेच.

दुखण्यालाही दार असते

आता एक प्रयोग आठवा. बाकाच्या कोपऱ्यावर कोपर आपटले की तुम्ही लगेच काय करता? चोळता. आणि चोळल्याने बरे वाटते! का?

रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ साली याचे एक स्पष्टीकरण मांडले. दुखण्याचा संदेश कातडीतून थेट मेंदूत जात नाही. वाटेत मज्जारज्जूमध्ये त्याला जणू एक दार ओलांडावे लागते. स्पर्शाचे संदेश तेथे पोहोचले की ते दार थोडे लोटले जाते. शिवाय खुद्द मेंदूही वरून हुकूम पाठवून दार लोटू शकतो. त्यांच्या मांडणीतील बारकावे पुढे बदलले, पण वरून येणाऱ्या हुकमाची गोष्ट खरी ठरली. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मेंदूतील एका विशिष्ट जागी सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा भूल न देताही त्यांच्यावर शस्त्रक्रिया करता आली.

हे हुकूम वाहून नेतात काही रसायने. त्यांतील दोन आपल्या कथेची नायक आहेत : नॉरॲड्रिनॅलिन आणि सेरोटोनिन. नॉरॲड्रिनॅलिन तयार करणाऱ्या चेतापेशींचा एक चिमुकला निळसर पुंजका मेंदूच्या देठात आहे. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘निळी जागा’ असा होतो. तिथून आणि आसपासच्या पुंजक्यांतून तंतू खाली मज्जारज्जूत उतरतात आणि दुखण्याचे दार लोटून धरतात.

आता हे रसायन काम कसे करते ते पाहू. दोन चेतापेशींमध्ये एक सूक्ष्म फट असते. पहिली पेशी फटीत रसायन सोडते, ते दुसऱ्या पेशीवरील ग्राहींना, म्हणजे कुलपासारख्या खास रेणूंना, चिकटते आणि संदेश पोहोचतो. काम झाले की पहिल्या पेशीवरचे पंप ते रसायन परत आत ओढून घेतात.

घाटकोपर स्थानकाचा पूल डोळ्यांपुढे आणा. लोकल आली की पुलावर गर्दी उसळते आणि मेट्रोच्या फाटकांतून आत शिरून दोन मिनिटांत ओसरते. काही फाटके बंद पडली तर? गाड्या वाढल्या नाहीत, माणसे वाढली नाहीत, तरी पुलावरची गर्दी जास्त वेळ टिकते. अमिट्रिप्टिलिनसारखी औषधे नेमके हेच करतात. ती पंपांची फाटके अडवतात. फटीत नॉरॲड्रिनॅलिन आणि सेरोटोनिन जास्त वेळ रेंगाळतात आणि दुखण्याचे दार अधिक घट्ट लोटले जाते.

परळ, बासेल आणि गोरेगाव

हे ज्ञान कसे जमले, त्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे.

सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांना पूर्वापार माहीत होती. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती देऊन पाहिली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जगाचे लक्ष त्या मुळीकडे वळले. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सिबा या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. पुढे असे दिसले, की रिसर्पिन घेणारे काही रुग्ण अतिशय उदास होतात, आणि प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन व नॉरॲड्रिनॅलिनचे साठे रिसर्पिनमुळे रिकामे होतात. मनःस्थितीचा या रसायनांशी काही संबंध असावा, अशी शंका त्यातून बळावली. ‘रसायन कमी पडले म्हणजे नैराश्य’ इतके सोपे समीकरण आज कोणी मानत नाही. पण शोधाला दिशा मिळाली ती तिथून.

दुसरीकडे गायगी या स्विस कंपनीकडे तीन कड्यांची काही संयुगे पडून होती. ॲलर्जीवर किंवा झोपेसाठी त्यांचा उपयोग होईल, अशी मूळ अपेक्षा होती. रोलांड कून या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांतील एक संयुग रुग्णांना दिले, तेव्हा उदासीनता उतरते असे त्यांना १९५६ मध्ये दिसले. पुढच्या वर्षी त्यांनी ते प्रसिद्ध केले. हेच इमिप्रामिन. रेणूत तीन कडी, म्हणून या घराण्याला ‘ट्रायसायक्लिक’ किंवा त्रिवलयी औषधे म्हणतात. अमिट्रिप्टिलिन हे त्याच घराण्यातले. ही औषधे पंप अडवतात, हे १९६१ च्या सुमारास ज्युलियस ॲक्सलरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्यासाठी त्यांनी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, जोडलेले नॉरॲड्रिनॅलिन वापरून ते कोठे जाते याचा माग काढला. ॲक्सलरॉड यांना १९७० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आणि आता अंधेरी-बोरिवलीच्या वाटेवरचे आपले गोरेगाव! तेथे १९६३ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते सिबा संशोधन केंद्राचे उद्घाटन झाले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेले रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी हे त्याचे संचालक. तेथे के. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा त्रिवलयी रेणू घडवला. मधल्या सात अणूंच्या कड्यात एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन, आणि शेपूट मात्र इमिप्रामिनसारखीच. त्याचे नाव नायट्रोक्साझेपिन. चाचण्यांच्या अहवालांत तो ‘सिबा २३३०-गो’ म्हणून ओळखला जाई. त्यातला तो ‘गो’ पाहून गोरेगावकराची मान नक्कीच ताठ होईल! पुढे ‘सिंटामिल’ या नावाने हे नैराश्यरोधक भारतात विकले गेले. एखाद्या नव्या औषधाची कल्पना, घडण आणि चाचणी, सारे आपल्याकडे होणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती.

गंमत अशी, की मुलांचे रात्री अंथरूण ओले होण्याच्या तक्रारीवरही सिंटामिल वापरले गेले. म्हणजे एकच रेणू, पण कामे दोन. ‘नैराश्यरोधक’ ही त्या रेणूची जात नव्हे, ती फक्त त्याच्या पहिल्या नोकरीची पाटी आहे. मावशीच्या गोळीची पाटी वाचून मी जो निकाल दिला, तो इथेच खोटा ठरतो.

खोट्या गोळीशी सामना

तुम्ही म्हणाल, ‘सर, दुखणाऱ्या माणसाचे मन या गोळीने उल्हसित झाले असेल आणि म्हणून दुखणे कमी वाटले असेल. चेतातंतूंचा काय संबंध?’

शंका अगदी योग्य आहे. फ्रान्समध्ये १९६० सालीच इमिप्रामिन वेदनेवर देऊन पाहिले गेले होते. पण ही शंका फेडायला काटेकोर प्रयोगच हवा होता. कॅनडातील वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. नागिणीनंतरची आग सोसणारे २४ रुग्ण त्यांनी घेतले. प्रत्येकाला काही काळ अमिट्रिप्टिलिन आणि काही काळ तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली. कोणती गोळी चालू आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. २४ पैकी १६ जणांना औषधाने चांगला आराम पडला. आणि महत्त्वाचे म्हणजे, त्यांतील बहुतेकांच्या नैराश्याच्या मोजमापात काहीच बदल झाला नव्हता! मन होते तिथेच होते, आग मात्र कमी झाली होती.

दुसरा प्रयोग १९९२ चा, अमेरिकेतील मॅक्स आणि सहकाऱ्यांचा. मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्यांपैकी अमिट्रिप्टिलिनने ७४ टक्के, तर नॉरॲड्रिनॅलिनचे पंप अडवणाऱ्या डेसिप्रामिनने ६१ टक्के रुग्णांना मध्यम किंवा त्याहून अधिक आराम मिळाला. मुख्यतः सेरोटोनिनचेच पंप अडवणाऱ्या फ्लुओक्सेटिनने ४८ टक्के आणि औषधविरहित गोळीने ४१ टक्के. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे उत्तम औषध आहे. तरीही वेदनेच्या बाबतीत ते निष्क्रिय गोळीच्या जवळपासच राहिले. म्हणजे मन सुधारणे वेगळे आणि वेदनेचे दार लोटणे वेगळे. दार लोटण्यात नॉरॲड्रिनॅलिनचा हात मोठा.

त्या ४१ टक्क्यांकडेही नीट पाहा. नुसत्या विश्वासाने आणि काळ गेल्याने इतक्यांना बरे वाटले. म्हणूनच ‘मला अमुक औषधाने गुण आला’ एवढ्यावर विज्ञानाचे समाधान होत नाही.

आणि हे औषध रामबाणही नव्हे. २०१५ साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर असे दिसले, की साधारण ४ रुग्णांना त्रिवलयी औषध दिले तर त्यांतील एकाला केवळ औषधामुळे निम्म्याहून अधिक आराम पडतो. सर्वच दुखण्यांवर ते चालते असेही नाही. दीर्घकाळच्या पाठदुखीवर २५ मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन देऊन पाहिले, तेव्हा सहा महिन्यांनी ठळक फायदा दिसला नाही. हा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

थोडक्या मात्रेचे गणित

नैराश्यावर अमिट्रिप्टिलिन सहसा ७५ मिलिग्रॅम किंवा जास्त लागते. मावशीला दिले होते १०. इतक्याने होणार काय?

येथे माझ्या विषयातील एक साधे सूत्र मदतीला येते. औषधाची रक्तातील तीव्रता क मानू. अर्ध्या ग्राहींना भरण्यासाठी लागणारी तीव्रता अ मानू. तर भरलेल्या ग्राहींचे प्रमाण होते :

क ÷ (क + अ)

एकाच औषधाची दोन प्रकारच्या कुलपांशी गाठ पडते असे समजा. पहिल्याशी त्याचे फार घट्ट जमते, तेथे अ = १. दुसऱ्याशी सैल जमते, तेथे अ = १००. हे आकडे सोयीसाठी घेतले आहेत. तीव्रता ५ ठेवली तर पहिली कुलपे ५ ÷ ६, म्हणजे ८३ टक्के भरतात आणि दुसरी ५ ÷ १०५, म्हणजे जेमतेम ५ टक्के. आता तीव्रता वीसपट करा, १००. पहिली ९९ टक्के आणि दुसरी ५० टक्के! मात्रा वीसपट वाढवून पहिल्या कामात थोडीच भर पडली, पण दुसरी कामे मात्र जोरात सुरू झाली. (तीव्रता २० घेऊन तुम्हीच आकडे काढून पाहा.)

त्रिवलयी घराण्यात हे घट्ट जमणारे कुलूप बहुधा हिस्टामिनचे असते. हिस्टामिन मेंदूला जागे ठेवते. सर्दीची जुन्या पठडीतली गोळी घेतली की वर्गात डुलकी लागते, त्याचे कारण हेच : हिस्टामिनचे कुलूप अडवले गेले. डॉक्सेपिन या औषधाचे हे जमणे विलक्षण घट्ट आहे. नैराश्यासाठी ते ७५ मिलिग्रॅम व त्याहून अधिक दिले जाई. झोपमोडीच्या तक्रारीसाठी मात्र अमेरिकेत २०१० साली त्याच्या फक्त ३ आणि ६ मिलिग्रॅमच्या गोळ्यांना मान्यता मिळाली. हिस्टामिनच्या कुलपात डॉक्सेपिन नेमके कसे बसते, त्याचे क्ष-किरणांनी मिळवलेले चित्र २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. किल्ली कुलपात बसलेली प्रत्यक्ष दिसली!

म्हणजे थोडक्या मात्रेत झोप मिळते. वेदनेसाठी मात्रा हळूहळू थोडी वाढवावी लागते, तरी ती बहुधा नैराश्याच्या मात्रेपेक्षा कमीच राहते. शिवाय झोप आणि वेदना यांचे एक दुष्टचक्र आहे. दुखले की झोप लागत नाही, आणि झोप नसली की तेच दुखणे जास्त बोचते. हे चक्र एका जागी तुटले तरी पुष्कळ काम होते.

दुसरी बाजू

आता एक गंभीर गोष्ट. ही गोळी ‘थोडक्या मात्रेची’ असली तरी किरकोळ नाही. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, लघवीला अडते, सकाळी गुंगी राहते. काचबिंदू किंवा हृदयविकार असणाऱ्यांना ती अपायकारक ठरू शकते. म्हाताऱ्या माणसांचा रात्री उठताना तोल जाण्याची भीती असते. जास्त मात्रा हृदयाच्या ठोक्यांची विद्युतलय बिघडवते आणि जिवावर बेतते, म्हणून ती लहान मुलांच्या हाती लागू नये. तरुण वयात नैराश्यरोधके सुरू करताना पहिल्या दिवसांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेत २००४ पासून छापला जातो. म्हणून ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. परीक्षेच्या काळात झोप लागत नाही म्हणून घरातली कोणाची गोळी घेणे, हा निव्वळ अविचार आहे. केवळ निद्रानाश असेल तर डॉक्टर आधी ठरलेल्या वेळी उठणे, सवयी आणि विचार बदलणे, अशा उपचारांनाच पहिले स्थान देतात.

आणि कोणाला खरोखरच नैराश्यासाठी ही गोळी दिली असेल, तर त्यातही लाजण्यासारखे काय आहे? मावशीच्या तोंडी ‘वेड’ हा शब्द आला आणि मी तो खोडून काढला नाही, ही माझी दुसरी चूक. मेंदू हाही शरीराचाच अवयव आहे.

शेवटी मावशीला घेऊन मी त्याच डॉक्टरांकडे गेलो. मी विचारले, त्यांनी कागदावर मज्जारज्जूचे चित्र काढून समजावले. त्यांनी तिचे हृदय तपासले, डोळ्यांची विचारपूस केली आणि गोळी पुन्हा सुरू केली. पहिल्या आठवड्यात झोप सुधारली. आग उतरायला महिना लागला, आणि ती पूर्णपणे गेलीही नाही. पण परवा मुलुंडला गेलो, तेव्हा मावशी पंख्याखाली निवांत बसली होती.

“सहा आठवडे फुकट घालवलेस हो माझे,” ती म्हणाली.

वाचकहो, पुढच्या वेळी घरात कोणी औषधाचे नाव वाचून घाबरले, तर तुम्ही माझ्यासारखे करू नका. नावावरून निकाल देऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हे औषध मला कशासाठी?’ प्रश्न विचारणे ही विज्ञानाची पहिली पायरी आहे, हे मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो. स्वतःच्या घरी मात्र ते विसरलो.